सत्तावीस जानेवारीचं झेंडावंदन

आप्पा,

परवा सव्वीस जानेवारीला तुमचं टेबल मी बाहेर काढलं. त्याचा मागचा पाय अजून डगमगतोच. तुम्ही त्याखाली घालायचात तो पुठ्ठा काही सापडला नाही, तेव्हा झेरॉक्सच्या कागदाचं वेष्टन दुमडून घातलं आणि तुमच्या खुर्चीवर बसले. बसले आणि लगेच उठले. त्या खुर्चीच्या वेताला तुमच्या पाठीचा खळगा पडलाय, तो मला काही मानवेना. आतून माझी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तुमची शेजारी तशीच राहू दिली आणि कामाला लागले.

तुम्ही गेलात त्याला दोन आठवडेही झालेले नाहीत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी चहाचा कप खाली ठेवलात आणि पुन्हा उचलला नाहीत, असं तुमच्या सुनेनं, महादेवीनं सांगितलं. मी घरी पोचले तेव्हा तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलेलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगावर धुतलेला पांढरा सदरा. तुम्हा लिंगायतांत माणसाला बसवूनच नेतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी तुम्हाला तसं बसलेलं बघून वाटलं, आता डोळे उघडून म्हणतील, "सुजाता, पुढचा कोण हाय? अर्ज दे हिकडं."

पेपरात तुमची चार ओळींची बातमी आली. तहसीलमधले सेवानिवृत्त कर्मचारी, मनमिळाऊ स्वभाव, मागे मोठा परिवार. मनमिळाऊ वाचून मला हसू आलं. तुमच्याइतका हट्टी म्हातारा या तालुक्यात दुसरा नव्हता. मी इथं तुमचा परिवार मोजायला बसलेली नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. तुम्ही तुमचं बोलणं बोलून गेलात आणि माझं उत्तर माझ्याकडंच राहिलं, ते द्यायला बसलेय.

आपल्या ओळखीची सुरुवातच भांडणानं आहे, आणि तेही आपण एकमेकांना ओळखत नव्हतो तेव्हाचं. मी चौथीत होते. दादा, म्हणजे माझे वडील, गवंडीकाम करायचे. तहसीलच्या आवारातल्या झेंड्याचा चबुतरा त्यांच्याच हातचा. शाळा सातवीपर्यंत, पण वाचनाचं भारी वेड. घटनेची मराठी प्रत त्यांनी कुठूनतरी मिळवली होती आणि दुपारच्या सुट्टीत वाळूच्या ढिगावर बसून ती वाचायचे. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं, की सव्वीस जानेवारीला साहेब झेंडा लावतात, पोरं कवायत करतात, जिलेबी वाटली जाते, पण हा दिवस कशाचा ते चौकातल्या माणसाला कुणी सांगतच नाही. आपण सांगू. चौकात सतरंजी टाकू, घटनेनं आपल्याला काय काय दिलंय ते मोठ्यानं वाचू आणि तासाभरात उठू.

त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. तो घेऊन दोनदा तुमच्या, अर्ज नोंदवून घ्यायच्या आवक खिडकीशी आले, दोन्ही वेळा तुम्ही "साहेब दौऱ्यावर हायेत, उद्या या" म्हणून परत पाठवलंत. तिसऱ्यांदा आले ते पंचवीस तारखेला. तुमच्या टेबलावर त्या दिवशी आवकची वही नव्हती. तिथं खळीची वाटी होती, आणि तुम्ही दोन शिपायांना घेऊन सुतळीला तिरंगी पताका चिकटवत होता.

"ठिऊन जा," तुम्ही म्हणालात. "हात खळीनं भरलेत. शिक्का परवा मारू."

"सभा उद्या हाय, साहेब."

"मग घे की सभा. अर्ज दिलास न्हवं? मला मालूम हाय."

दादा निर्धास्त घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी चौकात सतरंजी पसरली. पंधरा-वीस माणसं बसली. पुस्तक उघडायच्या आत पोलीस आले. जमादारानं परवानगी विचारली. दादा म्हणाले, अर्ज दिलाय. जमादार म्हणाला, "पोच दाव."

पोच नव्हती. शिक्का मारलेली दुसरी प्रत, तेवढा एक कागद हातात असता तर बोलता आलं असतं. दादांना सतरंजीसकट ठाण्यात नेलं आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. गुन्हा नाही, लेखी कारण नाही, काही नाही. मी आईबरोबर भाकरी घेऊन गेले होते, ती बाहेरूनच परत आणली. पुढं दादा तो प्रसंग हसून सांगायचे. ठाण्याच्या आवारात झेंडा चढला, राष्ट्रगीत सुरू झालं तसे ते बाकावरून उठून ताठ उभे राहिले, समोर जमादारही उभा. "त्यानं टोपी सावरली, म्या सदरा सावरला. बावन्न सेकंद आमी दोघं बराबर होतो. मग त्यो म्हणला, बस खाली."

हसून सांगायचे, पण त्यानंतर ते तहसीलची पायरी कधी चढले नाहीत. कसलाच अर्ज त्यांनी पुन्हा लिहिला नाही. दर सव्वीस जानेवारीला कुंपणाबाहेर उभं राहायचे, आपल्या चबुतऱ्याला कुठं तडा गेलाय का बघायचे आणि घरी यायचे. ते गेले तेव्हा तुम्ही नोकरीतच होता.

मी तहसीलसमोर टायपिंगचं दुकान टाकलं ते काही तुमच्यावर डोळा ठेवून नव्हे. जागा मिळाली म्हणून टाकलं. रोज खिडकीत दिसणारे आप्पा, एवढीच तुमची ओळख. मग तुम्ही निवृत्त झालात आणि त्या जानेवारीत एक दिवस दुकानात आलात. हातात घड्यांवर पिवळा पडलेला एक कागद. दादांचं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"पताकांच्या पेटीत गेला ह्यो," तुम्ही म्हणालात. "सुतळीत गुंडाळला गेला. पुढच्या साली पेटी उघडली तवा घावला. आता आवक करायची तर तारीख काय टाकू? परत ठिवला. दर साली पेटी उघडायचो, ह्यो दिसायचा, परत ठिवायचो. तुझ्या बापाला भेटून सांगावं म्हणलं तर धाडस झालं न्हाई. ते कुंपणाबाहेर उभे राहायचे, मला दिसायचे."

आप्पा, मी तेव्हा तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही. तुम्ही कागद पुढं केलात. मी म्हणाले, मला नको, तुमच्याजवळच राहू द्या. तुम्ही विचारलंत, "मग मी काय करू ह्याचं?" आणि मी, जिभेला काही हाड नसल्यासारखी, म्हणाले, "करा की आवक आता."

"आता माझ्या हातात शिक्का न्हाई," एवढं बोलून तुम्ही निघून गेलात.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला येते तर तुम्ही हे डगमगतं टेबल घेऊन दारात उभे. "तुझ्या पत्र्याखाली टाकू का? उद्या सव्वीस जानेवारी हाय. ज्याला ज्याला अर्ज लिहायचाय त्याला लिहून देतो." मी हो म्हणाले नाही, तसंच नाहीही म्हणाले नाही. तुम्ही टाकलंत. त्यानंतर ते रात्री आत आणि सकाळी बाहेर, पण माझ्या दुकानातून कधी हललं नाही.

सव्वीसला लिहायचं आणि सत्तावीसला कचेरी उघडली की सगळ्यांनी मिळून द्यायला जायचं, असा तुमचा शिरस्ता पडला. गाव आधी हसलं. आप्पाचं झेंडावंदन एक दिवस उशिरा असतंय, असं म्हणायचे. सव्वीसच्या दुपारपर्यंत लोकांच्या खिशावरचे बिल्ले गळून जातात, रस्त्यात पायाखाली दिसतात. तुम्ही मात्र सव्वीसला बिल्ला लावायचाच नाहीत. सत्तावीसला सकाळी आंघोळ करून, पांढरी टोपी घालून, छातीवर तो इवलासा तिरंगा लावून तुम्ही आवक खिडकीच्या रांगेत उभे राहायचात, तुमच्या मागं वीस-पंचवीस माणसं. कुणाच्या गल्लीत नळ नाही, कुणाच्या शाळेला मास्तर नाही, कुणाला ग्रामसभेत नक्की काय ठरलं त्याची नक्कल हवी. खिडकीतला नवा कारकून म्हणायचा, साहेब नाहीत, उद्या या. तुम्ही म्हणायचात, "साहेब नसू दे बाबा, शिक्का हाय न्हवं? मी तीस साल ह्या खुर्चीत बसलोय. डाव्या खणात बघ." रांग हसायची आणि डाव्या खणातून शिक्का निघायचा.

अर्जाच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहिलेलं तुम्हाला चालायचं नाही. मी सवयीनं टाइप करायचे, तुम्ही लाल पेनानं खोडून 'या गावचा रहिवासी' लिहायचात आणि मला पान पुन्हा काढायला लावायचात. मी चिडायचे. कांताबाईच्या अर्जावर तर तुम्ही तिलाच विचारलंत. तिचं नाव मतदार यादीतून उडालं होतं, नवरा गेला तसं त्याच्याबरोबर हिचंही कुणीतरी उडवलं होतं. "कांता, तू कुणाची आज्ञाधारक हायेस का?" ती म्हणाली, "सासूची व्हते. ती बी गेली." त्या दिवशी तुम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. कांताबाईचं नाव चार महिन्यांत यादीत परत आलं, आणि ती पोच तिनं घरात तसबिरीच्या मागं खोचून ठेवलीय.

आपल्या दोघांत रोजचा वाद एकच असायचा. मी म्हणायचे, हक्क आहे तर अर्ज कशाला करायचा? श्वास घ्यायला कुणी अर्ज करतं का? तुम्ही चष्मा कपाळावर चढवायचात. "हक्क तोंडी राहिला की त्यो साहेबाच्या मर्जीवर जातो. कागदावर आला की साहेबाला उत्तर द्यावं लागतंय. घटना म्हंजी तरी काय, पोचच हाय. आपुन हाव, ह्याची."

आणि पंधरा ऑगस्टपेक्षा सव्वीस जानेवारी तुम्हाला जवळची का, हेही तुम्ही शंभरदा सांगितलंत. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपला मराठवाडा निजामाकडं होता. तुमचे वडील सांगायचे म्हणे, की तिकडं सोलापूरला झेंडे लागले आणि इकडं आपल्या दाराला कड्या. "स्वातंत्र्य आपल्याला उशिरा भेटलं, सुजाता. घटना मातर सगळ्या मुलखाच्या बरोबरीनं भेटली, एकाच दिवशी. म्हणून ह्यो सण आपला." मी कुचेष्टेनं म्हणायचे, म्हणून तुम्ही तो सत्तावीसला करता. तुम्ही म्हणायचात, "मी एकदा पंचवीसला केला. खळ लावून. आता न्हाई करत."

आता बालाजीचं.

बालाजी म्हणजे बसस्टँडजवळचा मोबाइल दुकानवाला. गेल्या वर्षी आमच्या जयंतीच्या मिरवणुकीवर त्यानं गावाच्या ग्रुपवर काय लिहिलं ते तुम्हाला पाठ होतं, मलाही आहे. यांच्यामुळं रस्ते अडतात, यांना गावाबाहेरचं मैदान द्या आणि तिकडंच नाचू द्या. आमच्या आज्यानं धर्म बदलला तो गावाबाहेरून गावात यायला. इतक्या वर्षांनी हा दीड वितीचा माणूस आम्हाला परत बाहेरचा रस्ता दाखवतो. त्या दिवसापासून मी त्याच्या दुकानाकडं बघणं सोडलं.

मग येळवशीच्या, म्हणजे शेतातल्या वेळ अमावास्येच्या, आठ-दहा दिवस आधी त्याच बालाजीला पोलिसांनी उचललं. या वेळी त्यानं नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याचा फोटो टाकून गावच्या कारभाऱ्यांना नावं ठेवली होती. शिवी नव्हती, नुसतं हे पाणी आधी तुम्ही पिऊन दाखवा, असं. सकाळी नऊ वाजता ठाण्यात बोलावलं आणि बसवलं. गुन्हा नाही, लेखी काही नाही. बारा वाजता तुम्ही माझ्याकडं आलात.

"सुजाता, एक अर्ज काढ. कोणत्या गुन्ह्यात बसवलंय ते लेखी सांगा, न्हाईतर घरी सोडा. खाली दोन सह्या. एक माझी, एक तुझी."

"त्याच्यासाठी? मी नाही काढणार."

"पोस्ट वाचलीस का पाण्याची? खरीच हाय."

"आधीचीही वाचलीय."

"ती वाईटच होती. तिचं भांडण येगळं. आज त्याला बसवून ठिवलंय."

"बसू दे की एक दिवस," मी म्हणाले. "काय बिघडतंय?"

तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत. आणि मग इतक्या हळू बोललात की मशीन बंद करून मला ऐकावं लागलं. "तुझ्या बापाला नेलं म्हणून मला शिपायानं सांगितलं त्या दिवशी. मी झेंड्याची दोरी बघत होतो. म्हणलं, बसू दे एक दिवस. काय बिघडतंय. ह्येच सबूद."

आप्पा, तिथं मी गप्प बसायला हवं होतं. मी नाही बसले. मला लागलं होतं, आणि लागलं की मी समोरच्याला दुप्पट लागेल असं बोलते, हे तुम्ही ओळखून होता. मी म्हणाले, "तुमचं पाप धुवायला माझा पत्रा आणि माझं मशीन वापरायचं नाही."

तुम्ही टोपी घातलीत. रिममधला एक कागद मागून घेतलात, मागून, सहा वर्षांत पहिल्यांदा मला विचारून. हातानं अर्ज लिहिलात, प्रत्येक ओळ चढावर निघालेली. खाली कार्बन घातलात. आणि उन्हातून ठाण्याकडं चालत गेलात. मी दारातून पाठीकडं बघत होते आणि हाक मारली नाही.

त्यानंतर आपण बोललो, नाही असं नाही. हे पान काढ, ती प्रत दे, रिबन संपली. येळवशीला तुम्ही महादेवीच्या हाती शेतातली भज्जी आणि अंबील पाठवलीत. मी खाल्ली. भज्जी नेहमीसारखी झकास होती, तेही कळवलं नाही. डबा रिकामा परत करायचा नसतो, त्यात काहीतरी गोड घालून मीच येणार होते. संक्रांतीला तिळाच्या वड्या केल्या त्या तेवढ्यासाठीच. तुम्ही करीलाच गेलात. डबा अजून माझ्या ओट्यावर आहे.

पाचव्या दिवशी महादेवी तुमची कापडी पिशवी घेऊन आली. म्हणाली, "मामंजी म्हणायचे, ही दुकानातली हाय, घरातली न्हाई." पिशवीत तुमचा चष्मा, लाल पेन, सत्तावीसचा बिल्ला काडेपेटीत जपून ठेवलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत दादांचा अर्ज. आणि बालाजीच्या अर्जाची कार्बन प्रत. तिच्यावर ठाण्याचा शिक्का होता, तुम्ही घेतल्याशिवाय हलणार नव्हताच. खाली तुमची सही. तिच्याखाली एक रेघ मोकळी, आणि रेघेशेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'सुजाता'.

तुम्ही जागा ठेवली होतीत. मी एवढं बोलल्यावरही. तो कागद हातात घेऊन मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि रडले. तुम्हाला नेताना रडले नव्हते, तेव्हा बायकांनी माझ्याकडं बघितलंही होतं.

परवा सकाळी झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली, आणि माणसं टेबलाशी यायला लागली. मला धास्ती होती की तुमच्यामागं कुणी येणार नाही. एकोणतीस आली, आप्पा. अहमदपूरहून एक मास्तर बसनं आले, कुणीतरी सांगितलं म्हणून. कांताबाई तर नुसतीच येऊन बसली. अर्ज नव्हता तिचा काही, पण रांग मोडली की ओरडायचं काम तिनं घेतलं. मी 'आज्ञाधारक' कुठंच टाइप केलं नाही. एकदा बोट चुकून तिकडं गेलं, तेवढ्यात मागं घेतलं.

दुपारी दोनच्या सुमारास रांगेत बालाजी उभा दिसला. कांताबाईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, येऊ दे नंबरानं.

तो आला, तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत उभाच राहिला. "ताई, आप्पांची शोकसभा घ्यायचीय. चौकात. रविवारी. अर्ज द्यायचाय."

"तू घेणार?"

"त्या दिवशी ठाण्यात ते माझ्या बाजूला येऊन बसले. साहेब म्हणले, आजोबा, तुम्ही जावा घरी. तर म्हणले, मी बसलोय ते माझ्या मर्जीनं, ह्याला कोणाच्या मर्जीनं बसवलंय ते लिहून द्या. चारला मला सोडलं, तवर पाणी बी प्याले न्हाईत. मला म्हणले, बाळ्या, तुझं त्या मिरवणुकीचं लिहिणं मला बिल्कुल पटलेलं न्हाई. पण तू इथं बसलेला त्याच्याहून पटत न्हाई." खुर्चीवरची नजर त्यानं माझ्याकडं वळवली. "ताई, ती पोस्ट..."

"ते तुझं-माझं भांडण आहे," मी म्हणाले. "ते मी सोडणार नाही, तूही तयारीनं ये. आधी अर्ज सांग."

त्यानं सांगितला, मी टाइप केला. सभेची जागा, वेळ, तासाभरात उठू. अर्जदार म्हणून त्यानं सही केली. तुमच्या कार्बन प्रतीवरच्या पेन्सिलीच्या रेघेवर मी आता सही करून काही उपयोग नव्हता, तिची वेळ गेली. या अर्जावर मात्र बालाजीच्या नावाखाली मी दुसरी रेघ काढली आणि सही केली. मग खाली आणखी दोन ओळी टाइप केल्या. सभेत घटनेचं वाचन होईल. सोबत जोडले: जुना अर्ज, एक.

काल सत्तावीसला तुमचा बिल्ला लावून मी खिडकीशी उभी राहिले. मागं सगळी रांग, बालाजी माझ्या लगेच मागं. कारकुनानं नेहमीचं सुरू केलं, साहेब मीटिंगला गेलेत. मी बोलायच्या आत रांगेतनं तिघं-चौघं एकदम म्हणाले, "डाव्या खणात बघा." तोही हसला बिचारा. एकेक अर्ज घेऊन शिक्का मारत गेला. आमचा आला तेव्हा मागचं पिवळं पान त्यानं उलटून बघितलं.

"हे काय? ह्याच्यावर तर लई जुनी तारीख हाय. अर्जदार कुठंय?"

"वारले. माझे वडील."

"मग हे कशाला जोडलंय?"

"सभा तीच आहे," मी म्हणाले. "तोच चौक, तेच पुस्तक वाचायचंय. जरा उशीर झाला. जोडलेल्या पानावरही शिक्का मारतात, आप्पांनी सांगितलंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मागं उभ्या बालाजीकडं बघितलं. आणि मारला, आप्पा. आधी वरच्या पानावर, मग दादांच्या. आवक क्रमांक घातला, कालची तारीख घातली. त्या तारखेचा प्रश्न तुम्हाला इतकी वर्षं सुटला नव्हता. ज्या दिवशी कागद खिडकीत पोचतो, त्या दिवसाची घालायची. एवढंच होतं ते. एक प्रत मी ठाण्यातही दिली, तिथलाही शिक्का घेतला. तिथं बाक बदललाय आता, लोखंडी आहे.

तुम्हाला माफ केलं असं मी कधी म्हणाले नाही, आणि तुम्ही ते कधी मागितलंही नाही. तुम्ही फक्त टेबल टाकलंत. त्या दिवशी माझ्या दुकानात तुम्ही बरोबर होता आणि मी चूक होते, हे तेव्हाच कळलं होतं मला, तुमची पाठ दिसत होती तेव्हाच. हाक मारायला हवी होती. पत्रा माझा असेल, पण त्याखाली कुणाचा अर्ज लिहायचा हे मी ठरवायचं नसतं, हे आता शिकले. डबा उद्या देऊन येते महादेवीकडं, वड्या घालून. तुमचं टेबल सुतार दुरुस्त करतो म्हणाला, मी नको म्हटलं. माणसं त्याच्यावर रेलून उभी राहतात, त्यांना आता सवय झालीय.

रविवारी सकाळी चौकात सतरंजी टाकतोय. आईनं जपून ठेवलेली, दादांचीच. तुमच्याबद्दल दोघं-तिघं बोलतील, मग मी दादांच्या प्रतीतून वाचायला सुरुवात करीन आणि बालाजी पुढचं वाचेल. आज दुपारी ठाण्याची गाडी चौकातून दोनदा हळू फिरून गेली, म्हणून बालाजी जरा घाबरलाय. विचारत होता, "ताई, कुणी आलं आन् परवानगी मागितली तर?"

मी त्याला सांगितलं, काळजी करू नकोस. या वेळी पोच आहे.